वाचकांचे प्रश्न : स्तनांचा भार आणि तो उतरवणारी शस्त्रक्रिया

मागच्या अंकातल्या पाठदुखीवरच्या लेखात जड स्तनांमुळे होणाऱ्या मानदुखीचा ओझरता उल्लेख होता. त्यानंतर या एकाच विषयावर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. बऱ्याच जणींनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : वय ४१, उंची १५५ सेंमी, वजन ७२ किलो. मान आणि खांदे सतत भरून येतात, ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्या आहेत, उन्हाळ्यात स्तनांखाली कातडी लाल होऊन सोलते. घरचे म्हणतात, वजन कमी कर, ऑपरेशन म्हणजे नसते नखरे. खरं काय? (कोथरूड)

उत्तर : नखरे अजिबात नाहीत. स्तन शरीराच्या मानाने फार मोठे असले की पुढचा भार खांद्यांना पुढे ओढतो, आणि तो तोलून धरायला मानेचे व पाठीच्या वरच्या भागाचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. काही जणींना करंगळीत मुंग्याही येतात. घडीखाली घाम साठून बुरशी वाढते. या सगळ्याला वैद्यकात मॅक्रोमास्टिया म्हणतात आणि तो आजारच आहे.

वजनाचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. स्तनात ग्रंथी आणि चरबी यांचं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं असतं. चरबी जास्त असेल तर आठ-दहा किलो उतरल्यावर स्तनही उतरतात. ग्रंथी जास्त असेल तर चेहरा वाळतो आणि छाती तशीच राहते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या आसपास येतो. तो ३० च्या बऱ्यापैकी खाली आणून दोन-तीन महिने स्थिर ठेवला तर दोन गोष्टी साधतात. एक, खरंच ऑपरेशन लागणार का हे कळतं. दुसरं, लागलंच तर जखम चिघळण्याचा धोका कमी होतो. ऑपरेशननंतर भरपूर वजन उतरलं तर स्तन पुन्हा ओघळतात, म्हणूनही आधी वजन, मग शस्त्रक्रिया हा क्रम बरा.

तोवर ब्रेसियर नीट मापाची घ्या. भार बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यांनी नव्हे. बहुतेक जणी पट्टा सैल आणि कप लहान घेतात, म्हणून सगळं वजन खांद्यावर येतं. स्तनांच्या लगेच खाली टेप घट्ट धरून माप घ्या आणि त्यावरून पट्टा ठरवा. घडीतली कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा आणि मऊ सुती कापडाची घडी ठेवा. नुसती पावडर फासू नका, घामात तिचे गोळे होतात. क्लोट्रिमॅझोल मलम दोन आठवडे लावा. दुकानदार देतो ते स्टिरॉइड मिसळलेलं मलम घेऊ नका. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि बुरशी हटता हटत नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

हे सगळं करूनही सहा महिन्यांत फरक नसेल तर प्लास्टिक सर्जनकडे जा. एम.सीएच. किंवा डीएनबी (हल्ली डीआरएनबी) प्लास्टिक सर्जरी ही पदवी पाहा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पडताळा. 'कॉस्मेटिक' अशी नुसती पाटी म्हणजे पदवी नव्हे. खासगी खर्च झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात आधी दाखवा.

प्रश्न : स्तनाग्र कापून परत चिकटवतात असं ऐकलं. व्रण किती राहतात? (सहकारनगर)

उत्तर : कटोरी ब्लाउज कसा बेततात ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे लगेच समजेल. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर एक उभा टक आणि खाली एक आडवी शिवण लागते. रॉबर्ट वाइझ या अमेरिकन सर्जनने १९५६ मध्ये या शस्त्रक्रियेचा आराखडा प्रसिद्ध केला, तोही ब्रेसियरच्या कापणीवरूनच बेतलेला होता. त्या पद्धतीत स्तनाग्राभोवती एक गोल, तिथून सरळ खाली एक रेघ आणि खालच्या घडीत एक आडवी रेघ असा व्रण राहतो. मध्यम आकाराला नुसती गोल आणि उभी रेघ पुरते. चरबीच जास्त आणि ओघळ कमी असेल तर कधीकधी नुसत्या लायपोसक्शनवर, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्यावर, भागतं, पण त्याने स्तन वर उचलले जात नाहीत.

स्तनाग्र बहुतेक वेळा सुटं करत नाहीत. मांसाच्या एका जाड देठावर ते तसंच जोडलेलं ठेवतात, बाजूची ग्रंथी आणि चरबी काढतात आणि देठासकट ते वर सरकवतात. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि काही दूधनलिका या देठातूनच जातात. स्तन फारच मोठे आणि लांब असतील तर देठ इतका लांब होतो की टोकापर्यंत रक्त पोचेलच असं नाही. अशा वेळी स्तनाग्र काढून कातडीच्या कलमासारखं लावावं लागतं. मग संवेदना आणि दूध, दोन्ही जातात. तुमच्या बाबतीत देठ ठेवणार की कलम करणार, हे पहिल्याच भेटीत विचारा.

हा रक्तपुरवठाच या शस्त्रक्रियेचा प्राण आहे. पुढच्या उत्तरांतही तो पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : वय ५१. मधुमेह आणि रक्तदाब आहे, सकाळी मिश्री लावायची जुनी सवय आहे. दोन महिन्यांनी ऑपरेशन ठरलंय. तयारी काय करू? (हडपसर)

उत्तर : मिश्री आजच बंद करा. "मी काही सिगारेट ओढत नाही" असं म्हणून बायका हे डॉक्टरांना सांगतच नाहीत, पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्या देठाच्या टोकाला, म्हणजे स्तनाग्राला, आणि कातडीच्या कडांना रक्त नेणाऱ्या वाहिन्या तेवढ्याच बारीक असतात. त्या आकसल्या की कडा काळ्या पडतात. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री, तपकीर, गुटखा, सिगारेट काहीही नको. निकोटीनचं च्युइंगमही नको, त्यातही तेच असतं. आदल्या आठवड्यात एकदाही लावली असेल तर भूल देण्याआधी सांगून टाका. तारीख पुढे गेलेली परवडते.

साखरेसाठी एचबीए१सी पाहतात. ती ७ ते ७.५ च्या खाली असलेली बरी, आणि ती तीन महिन्यांची सरासरी असल्यामुळे शेवटच्या आठवड्यात गोड सोडून काही साधत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर ती गोळी सहसा तीन दिवस आधी थांबवतात. मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी घेत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही टाळायच्या असतात. म्हणून नावांची आठवण नको, गोळ्यांची पाकिटंच भूलतज्ज्ञांना दाखवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी दिलेली असेल तर हृदयरोगतज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय ती बंद करायची नाही. पाठदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल तर ती मात्र आठवडाभर आधी थांबवून पॅरासिटामॉलवर या. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे आणि चूर्णंही सांगा. त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, त्यांचाही निर्णय आधी व्हायला हवा.

तपासण्यांत रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, आणि तुमच्या वयाला मॅमोग्राफी हवीच. त्यात काही संशयास्पद दिसलं तर आधी त्याचा छडा, मग ऑपरेशन. चाळिशीच्या आतल्या बायकांना बहुधा सोनोग्राफी सांगतात. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर बहुतेक सर्जन ते वाढवूनच बोलावतात, आणि लोहाच्या गोळ्यांना सहा-आठ आठवडे लागतात. तुमच्या हातात दोन महिने आहेत, तेव्हा ही तपासणी याच आठवड्यात करा.

आदल्या रात्रीचं जड जेवण आठ तास आधी संपलेलं असावं. हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो खाण्यात धरतात. सकाळी सहाला "फक्त अर्धा कप" घेतल्याने अनेकींचं ऑपरेशन दुपारवर ढकललं जातं. डोक्यावरून अंघोळ करा, काखेतले केस घरी काढू नका कारण बारीक कापांतून जंतू शिरतात. नेलपेंट, बांगड्या, चमकी, जोडवी सगळं घरी ठेवा. मंगळसूत्र काढायला जिवावर येतं हे समजतं, तरी भुलेच्या टेबलावर धातू नको.

एक सल्ला दिवस निवडण्याबद्दल. गौरी-गणपतीच्या आधीचे चार आठवडे टाळा. घरात पाहुणे असताना तुम्ही पलंगावर बसून राहणार नाही, आणि विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात. अचानक रुग्णालय गाठायची वेळ आली तर अडचण होते. एप्रिल-मेची काहिलीही टाळलेली बरी, कारण आधाराची ब्रेसियर रात्रंदिवस अंगावर असते.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करते. कंपनीचा ग्रुप विमा आहे. एजंट म्हणाला हे कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही. (वाकड)

उत्तर : एजंटचं बोलणं अंतिम मानू नका. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत 'एक्सक्लूजन ०८' सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीला वगळतो, पण त्याच कलमात आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराला या बंदीतून सूट दिलेली आहे. ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यायची असते. 'थेट आणि तातडीचा' या शब्दांवर कंपन्या अडतात, म्हणून कागद भक्कम हवेत. अस्थिरोग किंवा फिजिओथेरपीच्या सहा महिन्यांच्या नोंदी, त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, खाचांचे आणि पुरळाचे तारखेसह फोटो, आणि सर्जनचं पत्र. पत्रात निदान आणि त्याचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) एन६२, तक्रारी, आधी केलेले उपचार, प्रत्येक बाजूने अंदाजे किती ग्रॅम ऊती काढणार हे सगळं असावं.

पूर्वमंजुरी आधी घ्या, ऑपरेशन करून मग दावा टाकू नका. एचआरकडून ग्रुप पॉलिसीची मूळ प्रत मागा, कारण ग्रुप पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात. नकार आला तर तो लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे आणि तिथे वकील लागत नाही. शेवटी मंजुरी मिळेलच असं मात्र आम्ही सांगू शकत नाही.

स्वतः खर्च करणार असाल तर लेखी अंदाजपत्रक मागा : सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, पॅथॉलॉजी, ड्रेसिंग, आणि पुन्हा टाके घालावे लागले तर त्याचं काय. कॉस्मेटिक धरलं तर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आकड्यात धरलाय का हेही विचारा.

प्रश्न : किती दिवस झोपून राहावं लागतं? स्कूटर कधी चालवता येईल? (धायरी)

उत्तर : झोपून राहायचंच नाही. सकाळी उभं करून पेनने खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर स्तनांची जागा बदलते. मग पूर्ण भूल, दोन ते चार तास, आणि बहुधा एक रात्र मुक्काम. त्याच संध्याकाळी आधाराने चालायचं, म्हणजे पायात गुठळी होत नाही. दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतील तर त्यांतून येणारं पाणी चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आल्यावर त्या काढतात. पहिले तीन-चार दिवस ठणका असतो, तो पॅरासिटामॉल आणि दिलेल्या गोळीने आटोक्यात राहतो. झोपायचं पाठीवर, दोन-तीन उशा लावून, महिनाभर.

बसून करायचं काम दहा-पंधरा दिवसांत सुरू होतं. पण घरकाम त्याहून अवघड असतं, हे कुटुंबाने समजून घ्यायला हवं. चार आठवडे दोन-तीन किलोंवर काही उचलायचं नाही. पाच लिटरचा भरलेला कुकर, पाण्याची बादली, सिलिंडर, दोन-तीन वर्षांचं मूल, सगळं यात आलं. कणीक मळणं आणि कपडे पिळणं यांत छातीचा स्नायू जोर लावतो, तेही बंद. माळ्यावरचे डबे आधीच खाली काढून ओट्यावर ठेवा. केस विंचरायला मात्र हात वापरा, नाहीतर खांदा आखडेल.

स्कूटरला चार आठवडे. हँडल वळवणं जमतं, पण अचानक ब्रेक लागला की सगळा झटका हातांतून छातीवर येतो, आणि आपल्याकडचे खड्डे-गतिरोधक माहीतच आहेत. मागे बसायलाही दोन आठवडे थांबा, त्याऐवजी रिक्षा करा आणि सावकाश चालवायला सांगा. चारचाकीचा सीटबेल्ट मात्र पहिल्या दिवसापासून लावायचाच, मध्ये मऊ टॉवेल धरा. धावणं, सूर्यनमस्कार, पोहणं सहा आठवड्यांनी, तेही जखम पूर्ण बंद असेल तरच.

प्रश्न : आईच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले. खालच्या घडीत, जिथे उभी आणि आडवी शिवण मिळते, तिथे दोन सेंमी जखम उघडली आहे, पिवळसर पाणी येतं. शेजारच्या काकू हळद भरायला सांगतात. (चिंचवड)

उत्तर : हळद, तूप, कोरफड काहीही भरू नका. सर्जनला आज फोन करा, फोटो पाठवा आणि उद्या दाखवा. घाबरण्यासारखं बहुधा नाही. या ऑपरेशनात सर्वांत जास्त उघडते ती हीच जागा, आणि कारण साधं आहे. कातडीची तीन टोकं तिथे एकत्र येतात, प्रत्येक टोक रक्तवाहिनीपासून सर्वांत लांब असतं, आणि वरच्या स्तनाचं वजनही त्याच बिंदूवर ओढ देतं. त्यात घडीतला घाम. बहुतेकदा पुन्हा टाके न घालता, रोज सलाइनने धुऊन, डॉक्टर सांगतील ते ड्रेसिंग लावून ती दोन ते सहा आठवड्यांत आतून भरत येते. व्रण थोडा रुंद होतो, तो हवा असेल तर वर्षाने सुधारता येतो. आईंच्या आहारात प्रथिनं वाढवा : दोन अंडी किंवा वाटीभर घट्ट वरण, दही, पनीर, उसळ. ऑपरेशननंतर आठवडाभर पेज आणि वरणभाताचं पाणी देण्याची पद्धत जखमेच्या कामाची नाही. मधुमेह असेल तर घरी साखर रोज तपासा.

मात्र काही लक्षणांत उद्याची वाट पाहायची नाही, आणि ही सर्वच वाचकांसाठी लिहीत आहोत. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून कडक, टणक झाली आणि दुखू लागली तर आत रक्त साठतंय. रात्री दोन वाजले तरी निघा, कारण साठलेलं रक्त त्या देठावर दाब देतं. स्तनाग्र फिकट पांढरं किंवा जांभळं-काळं दिसू लागलं तरी तसंच. पट्टी किंवा ब्रेसियर फार घट्ट नाही ना हे लगेच पाहा. ताप १०१ च्या वर, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी असलेला पू, हे संसर्गाचं लक्षण. आणि एका पोटरीत सूज-दुखणं किंवा अचानक दम लागणं, छातीत टोचणं असेल तर सर्जनला शोधत बसू नका, जवळच्या आपत्कालीन विभागात न्या.

काही महिन्यांनी आत टणक गाठ लागली तर बहुधा ती रक्त न मिळाल्याने मेलेली चरबी असते. तरीही ती स्वतः ठरवायची नाही, तपासूनच घ्यायची.

प्रश्न : वय २७, वर्षभरात लग्न. मूल झाल्यावर दूध पाजता येईल का? (सिंहगड रोड)

उत्तर : देठाची पद्धत वापरली तर अनेक जणी पाजू शकतात, काहींना पुरेसं येतं, काहींना वरचं दूध जोडावं लागतं. कोणत्याही सर्जनने शंभर टक्के हमी दिली तर तिथे थांबून विचार करा. स्तनाग्राची संवेदना काही जणींची कमी होते, काहींची महिन्यांनी परत येते. गरोदरपणात स्तन पुन्हा वाढू शकतात. म्हणून त्रास सोसण्यासारखा असेल आणि मूल दोन-तीन वर्षांत हवं असेल तर आधी बाळंतपण, दूध बंद झाल्यावर सहा महिने, मग ऑपरेशन. त्रास असह्य असेल तर थांबण्याची सक्ती नाही, फक्त दुधाचा हा मुद्दा पूर्ण समजून घ्या. निर्णय तुमचा आहे. सासरच्यांची संमती कायद्याने कुठेही लागत नाही.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे. छातीमुळे शाळेच्या खेळाच्या तासाला जात नाही. तेल, मलम काही आहे का? (निगडी)

उत्तर : कोणत्याही तेलाने, मलमाने, चूर्णाने स्तन लहान होत नाहीत, पैसे घालवू नका. वाढ चालू असताना ऑपरेशन केलं तर पुन्हा वाढण्याची शक्यता असते. म्हणून सहसा माप किमान वर्षभर स्थिर होईपर्यंत, साधारण अठराच्या पुढे, थांबतात. आत्ता तिला मापाची स्पोर्ट्स ब्रेसियर द्या आणि वर्गशिक्षिकेशी बोला. काही महिन्यांतच फार झपाट्याने वाढ झाली असेल तर मात्र वयाची वाट न पाहता लगेच दाखवा. ती वाकून बसते म्हणून तिच्यावर रागावू नका, ती छाती लपवते आहे.

प्रश्न : ऑपरेशनला तीन आठवडे झाले. व्रणांचं काय करू, आणि ब्लाउज कधी शिवू? (नारायण पेठ)

उत्तर : जखम पूर्ण बंद आणि खपली पडलेली असेल तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करा, पट्टी दिवसात किमान बारा तास, दोन-तीन महिने. आपल्या कातडीत व्रण जाड होण्याकडे कल असतो. खाज सुटून व्रण उंचावू लागला तर वेळीच दाखवा, इंजेक्शनने तो बसवता येतो. पहिले काही महिने व्रण लालसर-काळसर दिसतो, फिका व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. काढलेल्या ऊतींचा पॅथॉलॉजी अहवाल आला का विचारा आणि जपून ठेवा. पुढची मॅमोग्राफी सहा महिने ते वर्षाने करा, आणि ती करणाऱ्यांना ऑपरेशन झाल्याचं सांगा, म्हणजे आतले व्रण गाठ समजले जाणार नाहीत.

तारेची ब्रेसियर तीन महिने नको. सूज तीन ते सहा महिन्यांत उतरते, तोवर तुळशीबागेत जाऊन डझनभर नव्या घेऊ नका. समोर हूक असलेल्या दोन पुरतात, एक अंगावर, एक वाळत. जुने ब्लाउज टाकू नका. छातीचा घेर कमी होतो पण पाठ आणि दंड तेच राहतात, त्यामुळे नुसत्या बाजूच्या शिवणी घेऊन चालत नाही, टक उसवून पुन्हा घालावे लागतात. हे काम सहा महिन्यांनी द्या, आणि नवीन शिवताना दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडायला सांगा.